परकीय गुंतवणुकीला कराराचे कवच आहे का? पहिल्यांदा फाइल हाती घेणाऱ्यांसाठी

एन्रॉन हे नाव कोकणात अजून कुणी विसरलेले नाही. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाच्या विजेचे पैसे महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये थांबवले आणि वाद पेटला. प्रकल्पातल्या एन्रॉन, बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या तिन्ही कंपन्या अमेरिकी. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा द्विपक्षीय करार तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी थेट भारत सरकारविरुद्ध लवादाची, म्हणजे न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचांपुढे दाद मागण्याची वाट धरली. त्यांचा पैसा मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आला होता, आणि भारत-मॉरिशस करार तेव्हा लागू होता. शेवटी २००५ मध्ये तडजोड झाली.

अशा फाइली फोर्टमधल्या वकिलांकडे, बीकेसीतल्या कंपन्यांच्या लीगल विभागात आणि अंधेरीच्या सीए फर्ममध्ये दोन दिशांनी येतात. कधी परदेशी कंपनीचा इथला पैसा अडकलेला असतो, कधी इथल्या कंपनीचा बाहेरचा. तपासायची पद्धत दोन्हींना एकच आहे आणि तिचा क्रम मोडू नये. नवखा माणूस ‘सरकारने अन्याय केला’ इथून सुरुवात करतो. तो मुद्दा चौथ्या पायरीवरचा आहे, आणि पुष्कळ फाइली पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपतात.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. मराठीत दोन देशांमधला तोही करार आणि दोन कंपन्यांमधला तोही करारच. या विषयात हा घोळ महागात पडतो. म्हणून इथे दोन देशांमधल्याला ‘करार’ आणि कंपनीने सरकारशी किंवा सरकारी मंडळाशी केलेल्याला ‘कंत्राट’ म्हटले आहे. कंत्राटावर सही तुमची असते. करारावर सही तुमच्या देशाची असते, पण त्यातल्या हमीवर तुम्ही स्वतः यजमान देशाला, म्हणजे जिथे पैसा गुंतवला त्या देशाला, लवादात खेचू शकता. या क्षेत्राचे सगळे वेगळेपण एवढ्यातच आहे.

पायरी १: पैशाची वाट कागदावर काढा

मोठा कागद घ्या. सगळ्यात वर अंतिम मालक, सगळ्यात खाली प्रत्यक्ष मालमत्ता, मध्ये येणारी प्रत्येक कंपनी एका चौकटीत. चौकटीत चार गोष्टी लिहा: नोंदणीचा देश, नोंदणीची तारीख, वरच्या कंपनीचा टक्क्यांतला हिस्सा आणि तो हिस्सा कोणत्या दिवशी घेतला. चौथी गोष्ट लोक विसरतात आणि पुढे सगळे तिच्यावरच फिरते.

प्रत्येक चौकटीला कागद जोडा. पैसा भारतात आला असेल तर परकीय रक्कम आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र आणि केवायसी, समभाग वाटपाचा ठराव (रक्कम आल्यापासून ६० दिवसांत वाटप व्हायला हवे), वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर भरलेला एफसी-जीपीआर, म्हणजे वाटप कळवण्याचा फॉर्म. निवासी आणि अनिवासी यांच्यात समभाग हस्तांतर झाले असेल तर ते कळवणारा, ६० दिवसांतला एफसी-टीआरएस फॉर्म. पैसा भारतातून बाहेर गेला असेल तर २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे बँकेत दिलेला फॉर्म एफसी, पैसे पाठवण्याआधी मिळालेला यूआयएन हा ओळख क्रमांक, सहा महिन्यांत बँकेला दिलेला समभागांचा पुरावा आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा वार्षिक कामगिरी अहवाल.

हे सगळे फेमाचे, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे काम, लवादाशी काय संबंध, असे वाटेल. संबंध असा की बहुतेक करार ‘यजमान देशाच्या कायद्याप्रमाणे केलेली’ गुंतवणूकच संरक्षित मानतात, आणि सरकारचे वकील सगळ्यात आधी हीच फट शोधतात. एफसी-जीपीआर उशिरा भरला असेल तर विलंब शुल्क भरल्याची पावती त्याच फाइलमध्ये हवी. नंतर सापडेल म्हणून चालत नाही.

नेहमीच्या चुका सांगतो. उधारीवर पाठवलेल्या मालाचे थकलेले बिल गुंतवणूक ठरत नाही, रक्कम कितीही मोठी असो. परदेशातल्या कारखान्याला यंत्रे पाठवली पण त्यांच्या बदल्यात ना समभाग घेतले, ना कर्जाचा दस्तऐवज केला, तर दाखवायला काही उरत नाही. आणि ‘दुबईतल्या भावाच्या खात्यातून भरले’ ही मुंबईत वरचेवर ऐकू येणारी गोष्ट असेल, तर गुंतवणूकदार भाऊ ठरेल, कंपनी नव्हे.

वाद डोळ्यांसमोर दिसू लागल्यावर पैशाची वाट बदलू नका. सिगारेटच्या साध्या, ब्रँडची चिन्हे नसलेल्या पाकिटांच्या सक्तीचा बेत ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केला. फिलिप मॉरिसने फेब्रुवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातला धंदा हाँगकाँगच्या कंपनीच्या मालकीखाली आणला आणि हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया करारावर दावा ठोकला. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने हा हक्काचा गैरवापर ठरवून दावा ऐकायलाच नकार दिला. दाभोळमधला मॉरिशसचा दुवा वादाच्या आधीचा होता आणि तडजोडीपर्यंत घेऊन गेला, इथला हाँगकाँगचा चालला नाही. दोन्हींत फरक तारखेचा.

पायरी २: करार शोधा आणि त्याच्या चार तारखा लिहा

कागदावरच्या प्रत्येक देशाचा यजमान देशाशी करार आहे का, ते पाहा. भारताचे करार केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. जगभरचे अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेच्या गुंतवणूक करारांच्या विदागारात विनामूल्य मिळतात. मजकूर पूर्ण उतरवून घ्या, सारांशावर विसंबू नका. मुक्त व्यापार करारांमधली गुंतवणुकीची प्रकरणेही बघा. सिंगापूर, जपान आणि दक्षिण कोरियाशी झालेल्या आर्थिक भागीदारी करारांत अशी प्रकरणे आहेत.

चार तारखा म्हणजे सही, अंमल, समाप्ती आणि शेपटी. सही झाली म्हणजे करार लागू झाला असे नाही, दोन्हीकडची संमती होईपर्यंत तो कागदच असतो. शेपटी म्हणजे करार संपल्यावरही जुन्या गुंतवणुकीला पुढे काही वर्षे संरक्षण देणारे कलम. भारताच्या बाबतीत तेच कलम आज सगळ्यात जास्त उपयोगी आहे.

भारताने पहिला असा करार १९९४ मध्ये ब्रिटनशी केला आणि पुढे ऐंशीच्या आसपास देशांशी. परदेशी कंपन्यांचे दावे अंगावर येऊ लागल्यावर २०१६ मध्ये नवा नमुना करार आणला आणि जुन्यांपैकी बहुतेक संपवण्याच्या नोटिसा दिल्या. नेदरलँड्सचा करार १ डिसेंबर २०१६ रोजी संपला, ब्रिटनचा २२ मार्च २०१७ रोजी. दोन्हींची शेपटी १५ वर्षांची. म्हणजे ब्रिटिश कंपनीने चाकणला २०१४ मध्ये कारखाना घातला असेल तर ती २०३२ च्या मार्चपर्यंत जुन्या करारावर दावा करू शकते. तोच कारखाना २०१८ मध्ये घातला असेल तर तो करार तिच्या कामाचा नाही. २०१४ च्या कारखान्यात २०१९ ला घातलेल्या वाढीव भांडवलाचे काय, यावर मात्र वाद होतो. म्हणून प्रत्येक हप्त्याची नोंद वेगळी ठेवा.

काही जुने करार जिवंत ठेवून भारताने त्यांना संयुक्त स्पष्टीकरणे जोडली आहेत: बांगलादेशाशी २०१७ मध्ये, कोलंबियाशी २०१८ मध्ये. मूळ करार वाचून स्पष्टीकरण न वाचणे म्हणजे सातबारा बघून फेरफार न बघणे.

नव्या करारांत मुंबईच्या उद्योजकांच्या सगळ्यात कामाचा म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचा. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सही, ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू. त्याच्या अटी पाचव्या पायरीत येतील. ब्राझीलशी २०२० मध्ये झालेल्या करारात गुंतवणूकदाराला स्वतः लवादात जाण्याची सोयच नाही, वाद दोन्ही सरकारांनी सोडवायचा. युरोपातल्या स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या चार देशांशी २०२४ मध्ये सही झालेल्या व्यापार करारात गुंतवणूक आणण्याचे वचन आहे, गुंतवणूकदाराने सरकारविरुद्ध लवादात जाण्याचे कलम नाही. मथळ्यांत दोन्हींना ‘गुंतवणूक करार’च म्हणतात.

पायरी ३: व्याख्या

इथे दोन शब्द तपासा, ‘गुंतवणूकदार’ आणि ‘गुंतवणूक’.

जुन्या करारांत त्या देशात नोंदणी झालेली कंपनी म्हणजे गुंतवणूकदार, विषय संपला. नवे करार त्या देशात खरा व्यवसाय आहे का, असे विचारतात. माणसे, कार्यालय, भाडे, पगार. फक्त टपालपेटी असलेल्या कंपनीला लाभ नाकारण्याचे कलमही असते.

गुंतवणुकीची जुनी व्याख्या ‘सर्व प्रकारची मालमत्ता’ अशी ऐसपैस असायची. भारताच्या २०१६ च्या नमुन्यात ती उद्योगाभोवती बांधली आहे: चालता उद्योग हवा, भांडवल गुंतलेले हवे, काही काळ टिकणारे हवे, धोका पत्करलेला हवा. या खुणा २००१ च्या सालिनी विरुद्ध मोरोक्को निर्णयाने रूढ झाल्या. अमिरातीच्या करारात शेअर बाजारातली पोर्टफोलिओ गुंतवणूकही आत घेतली आहे. इतर नव्या करारांतही तसेच असेल असे धरून चालू नका.

पायरी ४: कोणी, काय केले आणि कोणते वचन मोडले

आता ‘अन्याय’. तीन रकाने करा.

पहिला रकाना कृत्य कोणाचे याचा. मंत्रालय, नियामक, न्यायालय, राज्य सरकार यांची कृत्ये देशाच्या खात्यावर जमा होतात. सरकारी कंपनीचे वागणे सिद्ध करावे लागते. फ्लेमिंगो ड्यूटीफ्री ही भारतीय कंपनी. तिच्या पोलिश उपकंपनीचे वॉर्सा विमानतळावरचे दुकानांचे भाडेपट्टे तिथल्या सरकारी विमानतळ उपक्रमाने रद्द केले. उपक्रम वेगळा आहे, राज्यसत्ता वेगळी, असा पोलंडचा बचाव होता. लवादाने तो मानला नाही आणि २०१६ मध्ये भारत-पोलंड करारावर सुमारे १ कोटी ७९ लाख युरोची भरपाई दिली. भारतीय गुंतवणूकदाराने या वाटेने पैसे मिळवल्याची उदाहरणे कमी आहेत. हे वाचून ठेवण्यासारखे आहे.

एक सापळा लक्षात ठेवा. भारताच्या नमुना करारातून स्थानिक स्वराज्य संस्थांची कृत्ये वगळली आहेत. महापालिकेने परवाना रोखला, पाणी तोडले, बांधकाम पाडले, तर त्या धर्तीच्या करारावर दावा उभा राहत नाही. तेच काम राज्य सरकारच्या खात्याने केले तर राहू शकतो. म्हणून आदेशाच्या मथळ्यावर कोणाचे नाव आहे, ते आधी पाहा.

दुसरा रकाना वचनांचा. बिनमोबदला अधिग्रहण, मग ते उघड असो की परवाने काढून घेत घेत मालमत्तेचा चोथा करणारे असो. न्याय्य व समान वागणूक. देशी कंपनीइतकीच वागणूक. तिसऱ्या देशाला दिली तेवढीच सवलत. नफा बाहेर नेण्याची मोकळीक. पोलीस संरक्षण. प्रत्येक करारात प्रत्येक वचन नसते. २०१६ च्या नमुन्यात ‘न्याय्य वागणूक’ हे शब्द नाहीत. त्यांच्या जागी न्याय नाकारणे, प्रक्रियेचा उघड भंग, विशिष्ट कारणांवरचा भेदभाव आणि उघड छळ अशी मोजकी यादी आहे. सर्वाधिक पसंतीच्या देशाचे कलम, म्हणजे तिसऱ्या देशाइतक्याच सवलतीचे वचन, तेही नाही.

ते कलम का काढले हे समजायला व्हाइट इंडस्ट्रीजचे प्रकरण पुरे आहे. या ऑस्ट्रेलियन कंपनीचे कोल इंडियाशी १९८९ चे पिपरवार कोळसा खाणीचे कंत्राट होते. वादात तिला २००२ मध्ये व्यापारी लवादाचा निवाडा मिळाला, तो भारतीय न्यायालयांत अडकला आणि नऊ वर्षांनंतरही सुटला नव्हता. भारत-ऑस्ट्रेलिया करारात जलद न्यायाचे वचन नव्हते. भारत-कुवेत करारात हक्क बजावण्याच्या ‘परिणामकारक साधनां’चे वचन होते. कंपनीने पसंतीच्या देशाच्या कलमावरून ते वचन आपल्या करारात ओढून आणले. नोव्हेंबर २०११ मध्ये लवादाने सुमारे ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. रक्कम किरकोळ होती, हादरा मोठा बसला.

तिसऱ्या रकान्यात वगळलेले विषय. नव्या भारतीय करारांत करविषयक कृत्ये वगळली आहेत. यामागे व्होडाफोन ही दूरसंचार कंपनी आणि केर्न ही तेल कंपनी यांची प्रकरणे आहेत. २०१२ च्या पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू केलेल्या, करदुरुस्तीवरून दोघी लवादात गेल्या आणि दोघीही २०२० मध्ये जिंकल्या, व्होडाफोन नेदरलँड्सच्या करारावर, केर्न ब्रिटनच्या.

आणि कंत्राटाचा भंग म्हणजे कराराचा भंग नव्हे. मंडळाने बिल थकवले तर ते कंत्राटाचे भांडण, ते कंत्राटात लिहिलेल्या ठिकाणीच न्यावे लागते. सत्तेचा हात वापरून, म्हणजे अध्यादेश, परवाना रद्द, खाती गोठवणे अशा मार्गाने कंत्राट मोडले, तर कराराचा प्रश्न येतो.

पायरी ५: मुदतींचे वेळापत्रक

जुन्या करारांत साधारण सहा महिने वाटाघाटी आणि मग लवाद असा सोपा क्रम असतो. भारताच्या नमुना कराराच्या पद्धतीत हिशेब बारकाईने करावा लागतो:

कृत्य कळल्यापासून १ वर्षाच्या आत स्थानिक न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे दाद मागायची.
कळल्यापासून किमान ५ वर्षे स्थानिक उपाय चालवायचे.
मग वादाची नोटीस आणि ६ महिने वाटाघाटी.
मग लवादाआधी ९० दिवसांची सूचना.
आणि हे सगळे कृत्य व नुकसान कळल्यापासून ६ वर्षांच्या आत. स्थानिक खटला संपला असेल तर त्यानंतर १२ महिन्यांच्या आत.

बेरीज करा: ६० महिने अधिक ६ अधिक ३, झाले ६९. मर्यादा ७२ महिन्यांची. हातात उरतात तीन महिने. मुंबईत न्यायालयाची सुट्टी आणि बोर्डाची मंजुरी यांतच ते जातात. म्हणून पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाच नोटिसीचा मसुदा तयार ठेवा. अमिरातीच्या करारात स्थानिक उपायांची मुदत ५ ऐवजी ३ वर्षे आहे, त्यामुळे तिथे श्वास घ्यायला जागा मिळते.

घड्याळ पत्र हातात पडल्यापासून सुरू होईलच असे नाही. ‘कळायला हवे होते’ हेही मोजतात. राजपत्रात अधिसूचना आली, कंपनीने ती सहा महिन्यांनी वाचली, तरी मोजणी राजपत्राच्या तारखेपासून धरा.

पायरी ६: नोटीस

करारात ज्या खात्याचा किंवा प्रतिनिधीचा उल्लेख असेल त्यालाच पाठवा, पोच ठेवा. वाणिज्य दूतावासाला केलेला ईमेल ही नोटीस नव्हे. आत पाच गोष्टी हव्यात: गुंतवणूकदाराचे नाव आणि राष्ट्रीयत्वाचा पुरावा, गुंतवणुकीचे वर्णन पहिल्या पायरीच्या तक्त्यासह, कृत्यांची तारीखवार यादी, करारातली नेमकी कलमे आणि मागितलेली अंदाजे रक्कम. धमकीची भाषा नको, हे पत्र पुढे लवादाच्या तीन पंचांच्या टेबलावर जाणार असते.

दरम्यान उपकंपनीने स्थानिक सरकारशी ‘पूर्ण व अंतिम’ अशा शब्दांची तडजोड केली तर दावा तिथेच बुडतो. स्थानिक व्यवस्थापकाला हे लेखी कळवा.

पायरी ७: मंच आणि खर्च

वॉशिंग्टनच्या इक्सिड या गुंतवणूक वादांच्या केंद्राचे नाव या विषयात सतत कानावर येते. भारत त्याच्या १९६५ च्या करारनाम्याचा सदस्य नाही. त्यामुळे भारताविरुद्धचे दावे बहुधा अनसिट्रल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या नियमांखाली चालतात आणि पुष्कळदा द हेगचे स्थायी लवाद न्यायालय कार्यालयीन काम पाहते. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. त्याचा मुख्य उपयोग कंपन्यांमधल्या व्यापारी वादांना, म्हणजे कंत्राटाच्या बाजूला.

तीन पंच, दोन-तीन देशांतले वकील, मूल्यांकन तज्ज्ञ: खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. दोन-पाच कोटींच्या नुकसानीसाठी ही वाट परवडत नाही, हे अशिलाला पहिल्याच बैठकीत सांगावे. खटल्याच्या खर्चासाठी तिऱ्हाइताकडून निधी घेता येतो का? वकील नसलेल्या तिऱ्हाइताला आडकाठी दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. पण अमिरातीच्या करारात असा निधी घेण्यालाच बंदी आहे. आधी करार वाचा, मग फंडवाल्याला फोन करा.

नुकसानीचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. धंदा नीट चालू झालेला नसेल तर भावी नफ्याचे आकडे सहसा टिकत नाहीत, प्रत्यक्ष घातलेला पैसाच मिळतो. तो सिद्ध होतो बँक विवरणांनी, लेखापरीक्षित हिशेबांनी आणि बिलांनी.

पायरी ८: वसुली, आणि तिच्या आधीचा विमा

निवाडा हातात आला म्हणजे पैसा आला असे नाही. सरकारच्या दूतावासाला, लष्करी मालमत्तेला हात लावता येत नाही. धंद्यासाठी वापरातली मालमत्ता शोधावी लागते. केर्नने २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर न्यायालयाकडून टाच आणवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पूर्वलक्षी कर मागे घेतला आणि सर्व खटले मागे घेण्याच्या अटीवर पुढे केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले, व्याजाविना.

भारतात वसुली करायची तर अडचण वेगळी आहे. परदेशी निवाड्यांच्या अंमलाचा १९५८ चा न्यूयॉर्क करारनामा भारताने फक्त ‘व्यापारी’ वादांसाठी स्वीकारला आहे. गुंतवणूक कराराचा लवाद व्यापारी नाही, त्यामुळे आपला लवाद कायदा त्याला लागू होत नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्होडाफोनच्या आणि २०१९ मध्ये खेतान होल्डिंग्जच्या प्रकरणात घेतली. भारताविरुद्धच्या फाइलमध्ये परदेशातल्या मालमत्तांची यादी म्हणूनच नोटीस जाण्याआधी तयार लागते.

बाहेर पैसा नेणाऱ्या कंपनीने विम्याची चौकशी पैसे पाठवण्याआधी करावी. अंधेरीत मुख्यालय असलेली ईसीजीसी ही निर्यात पत-विम्याची सरकारी कंपनी परदेशी गुंतवणुकीला युद्ध, अधिग्रहण आणि पैसे परत आणण्यावरची बंदी या धोक्यांचा विमा देते. त्या देशाशी गुंतवणूक करार आहे का, हे तीही पाहते. जागतिक बँक गटातल्या मिगा या गुंतवणूक हमी संस्थेचा भारत सदस्य आहे, मोठ्या प्रकल्पांना तिकडेही अर्ज करता येतो. दोन्हीकडे अर्जासोबत लागतो तो पहिल्या पायरीचाच तक्ता आणि त्याला जोडलेले कागद.